काळ्या गेंड्याचा नालबंद

गेंड्याबद्दल आम्हाला कॉलेजात जेमतेम एक तास शिकवलं असेल, आणि त्या तासाला मी मागच्या बाकावर बसून डब्यातली शेवभाजी संपवत होते. खोटं कशाला सांगू! मी कोरीटची, शेतकऱ्याच्या घरातली. नोकरी करायची ती आपल्या नंदुरबारात आणि तपासायची ती गाय, म्हैस, शेळी, फार तर सारंगखेड्याच्या बाजारातला एखादा घोडा. गेंडा आपल्या दारात कशाला कडमडायला येतोय? पण आला. धानोऱ्याच्या गुरांच्या दवाखान्यात माझी पहिली नेमणूक झाली आणि पहिल्याच आठवड्यात फाटकापाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या नालबंदानं मला हटकलं.

"डॉक्टरीन बाई, एक इचारू का? काया गेंडाना शिंगमा हाड ऱ्हास का?"

आता मी नवी डॉक्टर. भोवती पाच-सहा शेतकरी उभे, त्यातले दोघं माझ्या वडिलांच्या, आबांच्या, ओळखीचे. माहीत नाही म्हणायची लाज वाटली. दिलं ठोकून, "असतं की! बैलाच्या शिंगात असतं तसंच."

त्यांनी "या अल्ला!" म्हणून डोळे मिटले आणि हातातली हातोडी खाली ठेवली. माझ्या त्या एका थापेपायी आफ्रिकेतल्या कितीतरी भल्या माणसांना पुढचे आठ महिने धानोऱ्याच्या निंबाखाली शिव्या खाव्या लागल्या.

त्यांना सगळे चाचा म्हणायचे, म्हणून मीही. लहानपणी पोळ्याला आमच्या ओट्यावर मांडे खाताना त्यांना पाहिलेलं, पण बोलणं असं कधी झालं नव्हतं. तीन पिढ्यांचा नालबंदीचा धंदा. बैलाला दोरानं अलगद आडवा पाडायचा, चारही पाय बांधायचे, डोळ्यांवर स्वतःचा गमछा टाकायचा आणि खुरांना नाल ठोकायची. पोळा जवळ आला की दुसरं काम, शिंगं साळायची. धारदार सुरीनं शिंगाचा वरचा खरबरीत थर काढायचा, काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत करायचं, तेल चोळायचं. मग मालक घरी नेऊन रंग देणार, टोकांना पितळी शेंब्या बसवणार. चाचांनी साळलेलं शिंग लांबून ओळखू यायचं. मिरवणुकीत बायका म्हणायच्या, "चाचाना हातनं शे ते."

बैलाशी ते उर्दूत बोलायचे, बैलाच्या मालकाशी अहिराणीत, आणि सरकारी माणूस दिसला की एकदम पुस्तकी मराठीत. मला सरकारी धरायचं की गावची, हे त्यांचं बरेच दिवस ठरत नव्हतं. त्यामुळे एकाच दमात "आपण आसन घ्यावे" आणि "बस ना वं बहिन" अशी दोन्ही आमंत्रणं यायची.

हे गेंड्याचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते जावयाच्या मोबाइलमुळे. त्यात त्यांनी एक व्हिडिओ पाहिला. आफ्रिकेतल्या माळावर काळा गेंडा बेशुद्ध पडलाय आणि चार माणसं यंत्राच्या करवतीनं त्याचं शिंग कापतायत. जावयानं समजावून सांगितलं होतं, की हा काळा गेंडा आता संपत आलाय. शिंगासाठी चोर त्याला गोळ्या घालतात. म्हणून जंगलवाले आधीच शिंग काढून घेतात. शिंग नसलं तर चोर कशाला मारेल? कारण चाचांना पटलं होतं. करवत पटत नव्हती. चाळीस वर्षं ते बैलाच्या शिंगावर सुरी चालवत होते आणि एका रेषेपाशी थांबत होते. तिच्या खाली शिंग जिवंत असतं, आत हाड असतं, रक्त असतं. तिथं करवत चालवतात? आणि मी, कॉलेजात शिकलेली डॉक्टरीण, म्हणाले होते की हो, हाड असतं.

झालं! प्रत्येक खिळ्यामागे एक शिवी. "कसाई!" ठक. "जल्लाद!" ठक. शेतकऱ्यांना वाटायचं बैलालाच बोलतायत. वर्तमानपत्रातलं काळ्या गेंड्याचं चित्र कापून त्यांनी अवजारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं. पेटी उघडली की आधी त्याला सलाम, मग हातोडी बाहेर. आणि रोज सकाळी मी गाडी लावली रे लावली की प्रश्न यायचा, "आपला कितला ऱ्हायनात?" जसे काही पंचायतीच्या कोंडवाड्यात बांधलेत! आधी मी चिडायचे. मग काहीतरी सांगून सुटका करून घ्यायचे. आणि एका रिकाम्या दुपारी, खरंच सांगते, निव्वळ त्यांचं तोंड बंद करायचं म्हणून मोबाइलवर शोधायला बसले.

वाचत गेले तसा माझा चेहरा उतरत गेला. गेंड्याच्या शिंगात हाड नसतंच! आपल्या नखासारखं सगळं. बुडाशी वाढणारा भाग सोडून वर कापलं तर दुखत नाही, रक्त येत नाही आणि पुन्हा वाढतंसुद्धा.

जाऊन कबूल केलं. वाटलं, आता हा माणूस सगळ्या बाजारात माझी अब्रू काढणार. पण ते माझ्यावर रागावलेच नाहीत. त्यांना भलतीच चिंता पडली. "आठ महिना मी त्या मानसेसले शिव्या देयेल शेतस. त्यासना काईच गुन्हा नही. आते माफी कशी मांगू?"

"चाचा, त्यांना काय ऐकू आलंय का?"

"मले तं ऐकू उनं ना!"

सुटका नव्हती. तिथल्या एका गेंड्यांच्या राखीव जंगलाचा पत्ता मी मोबाइलवर शोधला आणि चाचांनी निंबाखाली उभं राहून, हात मागे बांधून, मजकूर सांगितला. मामला सरकारी, म्हणून मराठी पुस्तकी. "मेहेरबान साहेबांचे सेवेशी. अर्जदार, धंदा नालबंदी, अर्ज करतो ऐसा जे, अर्जदाराने गैरसमजुतीने आपणांस कसाई, जल्लाद व त्याहून वाईट असे संबोधिले. सदर शिव्या अर्जदार या अर्जान्वये परत घेत आहे. तरी मोठ्या मनाने माफी असावी. तसेच शिंगाचा जिवंत भाग कोठे सुरू होतो हे आपण हात लावून ओळखता की कसे, ते कळवावे." मी हसू दाबत त्याचं इंग्रजी केलं आणि पाठवून दिलं.

आणि उत्तर आलं! तिथल्या एका डॉक्टर बाईचं. लिहिलं होतं, बुडापासून टेपनं मोजतो, वाढणारा भाग सोडतो, मगच कापतो. गेंडा घाबरू नये म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधतो, कानांत बोळे घालतो. कापल्यावर कडा घासून गोल करतो आणि घोड्याच्या खुराला लावतात ते डांबर लावतो. शिंग पुन्हा वाढतं, म्हणून वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तेच काम. शेवटी एक ओळ होती. तुमच्या नालबंदांना सांगा, माफी कसली, फक्त शिव्या वाया घालवू नका, चोरांकडे वळवा.

चाचांनी मला ते तीनदा वाचायला लावलं.

"घासतस? कानसघाई?"

"हो, कानशीनंच घासत असणार."

"डोयावर पट्टी? वरथीन डांबर?"

"हो चाचा."

"मंग बाई, त्या तं नालबंदच शेतस!"

त्या दिवशी अख्ख्या दवाखान्याला जिलेबी मिळाली. लस टोचायला आलेल्या शेळ्यांच्या मालकांनासुद्धा.

चेष्टा पुरे. या माणसानं मला काय दिलं ते सांगायला बसलेय मी. कॉलेजनं मला औषधं शिकवली, हाडांची नावं शिकवली. हात चाचांनी शिकवला. मी जनावर आलं की लांबूनच मालकाला प्रश्न विचारत सुटायचे. चाचा फाटकातून ओरडायचे, "पहिले हात ठेव, मंग बोल!" एकदा त्यांनी मला डोळे मिटायला लावून ओळीनं दहा बैलांच्या शिंगांवरून हात फिरवायला लावला. "जित्तं कथाईन सुरू व्हस, सांग." टोक गार असतं, बुडाकडे ऊब येत जाते. पहिल्या सहा बैलांना मी चुकले. सातव्याला बोट थांबलं आणि चाचा म्हणाले, "हां." आज दहा वर्षं झाली. अजून कुठलंही जनावर आलं की माझा हात आधी जातो, तोंड मागून. किती जनावरं त्या एका सवयीनं वाचली असतील, देव जाणे.

आणि याच माणसाला मी चारचौघांत नाही नाही ते बोलले. पोळ्याआधीचा पंधरवडा होता, निंबाखाली शिंगं साळायला बैलांची रांग. त्याच दिवशी माझ्याकडे शिंगाच्या कॅन्सरचा एक बैल आला. फार उशीर झाला होता, माझ्या हातात काही राहिलं नव्हतं. त्याच्या मालकाचं रडणं मला बघवेना. मी तरातरा बाहेर गेले आणि चाचांवर ओरडले, "तुमच्या या सुरीनं होतो हा कॅन्सर! पुस्तकात लिहिलंय!"

पुस्तकात लिहिलं होतं, पण सगळंच लिहिलं होतं. शिंग साळणं, जू घासणं, रंग, ऊन, आणि शेवटी 'नक्की कारण अज्ञात'. ती शेवटची ओळ मी गिळली. रागात माणूस सोयीचं तेवढंच वाचतो.

चाचांनी सुरी पुसली. "लिखेल शे?"

"लिहिलंय!"

"मंग इचार करना पडी," एवढंच म्हणाले आणि हातातलं शिंग पुरं केलं.

त्याच्या पुढच्या वर्षी पाळी आमच्याच घरावर आली. कोरीटला आबांचा हौशा हा मानाचा बैल. पोळ्याला वेशीतून पहिला तोच निघायचा. त्याची शिंगं वर्षानुवर्षं चाचांनीच साळलेली. आबांची आणि चाचांची तीस वर्षांची दोस्ती, दर पोळ्याला चाचा आमच्याकडे मांडे खायला असायचे. पोळा आठ दिवसांवर आलेला आणि हौशा मान झटकायला लागला, डोकं एका बाजूला कलतं धरायला लागला. मी घरी गेले तेव्हा डाव्या नाकपुडीतून रक्त येत होतं. शिंगावर हात ठेवला. बूड तापलेलं. बोटानं टकटक केलं तर आवाज बद्द. शिंगाचा कॅन्सर. बुडापासून शिंग काढलं तर बैल वाचणार, नाही काढलं तर मरणार. मधला रस्ता नाही.

आबा ऐकायला तयार नाहीत. "पोळा तोंडवर शे. बिनशिंगना बैल वेशीम्हाईन काढू? लोके काय म्हनतीन?" मग म्हणाले, आजार नाहीच हा, नजर लागलीय. तळोद्याकडच्या एका भगताला निरोपही धाडला. मी समजावलं, भांडले, शेवटी रडले. मुलीचं शिक्षण बापाला गावभर सांगायला आवडतं, पण स्वतःच्या गोठ्यात चालवून घ्यायला जड जातं. चार दिवस असेच गेले. रक्त वाढत होतं.

चाचांना मी फक्त सांगितलं. या म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, पेटी मांडीवर घेऊन, ते कोरीटला हजर. थेट गोठ्यात गेले, हौशाच्या शिंगावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग आबांपुढे आले. ओट्यावर शेजारचे तिघं-चौघं बसलेले.

"आबा, नजर नही का काई नही. हाई मन्हं पाप शे. गया पोळाले मन्ही सुरी जित्ताले लागनी. मले तवयच समजनं व्हतं, पन मी बोलना नही."

आबांचं तोंड लालबुंद. "तीस वरीस तुनी मन्हा घरना मांडा खायेल शेतस..."

"शिव्या मंग द्या, आबा. पहिले पोरले शिंग काढू द्या. तिकडे काया गेंडासनं शिंग काढीसन त्यासले जगाडतस. शिंगबगर जनावर जगस. जीवबगर शिंग काय कामनं?"

नजर लागली म्हटलं की भगत लागतो. सुरी लागली म्हटलं की ती जखम झाली, आणि जखमेला डॉक्टर लागतो. आबा ओट्यावर बसले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "काढ."

चाचांनी हौशाला गवतावर आडवा पाडला. डोळ्यांवर गमछा, आणि त्या दिवशी कानांत कापसाचे बोळेसुद्धा, थेट आफ्रिकेसारखे! मी भूल दिली, तारेची करवत हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. घरचा बैल, समोर बाप, आणि एवढं मोठं काम मी एकटीनं पहिल्यांदाच करत होते. चाचा हौशाचं डोकं मांडीवर धरून बसले होते. हळूच म्हणाले, "हात ठेव, बेटा. मंग कर." बेटा त्यांनी मला पहिल्यांदाच म्हटलं. मी हात ठेवला, थांबले, आणि मग केलं. शेवटी पट्टी बांधली, माश्या बसू नयेत म्हणून चाचांनी पट्टीच्या कडेनं डांबर फिरवलं. हौशा उठून उभा राहिला तेव्हा आबा म्हणाले, "चाचा, आते मन्हा दारमा पाय ठेवानं नही."

चाचांनी पेटी उचलली आणि निघून गेले.

सांगायला लाज वाटते, पण मी मनातून खूश होते. बघा, मी म्हणत नव्हते? सुरीनंच झालं! त्यांच्या तोंडूनच निघालं!

हौशा वाचला. डोक्याला पट्टी बांधून, एका शिंगानं वेशीतून पहिला निघाला. पोरं ओरडत होती, "गेंडा! गेंडा!" आबांनी आधी डोळे वटारले, मग महिनाभरात स्वतःच त्याला गेंडा म्हणून हाक मारायला लागले. मी हे चाचांना सांगितलं तर त्यांचं भलतंच. "एक शिंगवाला म्हनीसन गेंडा? तो आसामना. काया गेंडाले दोन शिंगं ऱ्हातस. नीट शिकाडा पोरेसले!"

पण बातमी पसरली होती. पुढच्या पोळ्याला निंबाखाली एकही बैल शिंगं साळायला आला नाही. नाल ठोकायचं काम ट्रॅक्टरांनी आधीच कमी केलेलं. चाचा पेटी उघडी ठेवून बसायचे, मला गेंड्यांची खबर विचारायचे, पेटी बंद करून घरी जायचे.

हौशाचं काढलेलं शिंग मी दवाखान्यात बरणीत ठेवलं होतं. वर्षभरानं कॉलेजातले माझे एक जुने सर आले, त्यांना मोठ्या तोऱ्यात दाखवलं आणि नालबंदाची सुरी कशी लागली ते सांगितलं. सरांनी बरणी उजेडात धरली, फिरवली. म्हणाले, "गाठ कुठं आहे? बुडाशी. आणि बुडाच्या वळ्या बघ. मुळातल्या, जशाच्या तशा. इथं सुरी कधी लागलेलीच नाही."

वर्षभर ती बरणी माझ्या टेबलासमोर होती. मी एकदाही नीट पाहिली नव्हती.

मी बाहेर गेले. चाचा निंबाखाली एकटेच होते. म्हटलं, "चाचा, तुमची सुरी तिथं लागलीच नव्हती."

"मले माहित शे."

"मग खोटं का बोललात?"

"तुन्हा बापले कोनीतरी गुन्हेगार पाहिजे व्हता, बेटा. नजरनं शिंग कापता येत नही."

भर बाजारात, फाटकापाशी, ॲप्रन घालून मी रडत होते. आत्ता घरी जाऊन आबांना सांगते म्हटलं, तर त्यांनी हात आडवा केला. "हौशा जिता शे तवलग नको. मन्हावर राग शे म्हनीसन त्यानावर माया शे. नही तं परत नजर, परत भगत."

हौशा त्यानंतर तीन वर्षं जगला. तीही तीन वर्षं चाचा कोरीटला आले नाहीत, आणि तीन वर्षं मी तोंड शिवून बसले. हौशा म्हातारपणानं गेला, त्याच्या दहाव्या दिवशी मी आबांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोन नवे गोऱ्हे टेम्पोत घालून धानोऱ्याला आले.

निंबाखाली दोघं म्हातारे समोरासमोर. आबांनी टोपी काढून हातात घेतली.

"तुनी खोटं कसाले बोलं?"

"हौशा जगना ना?"

"जगना."

"मंग वाया नही गयं."

आबांनी डोळे पुसले आणि गोऱ्हे पुढे केले. "आते ह्या दोन्हीसना शिंगं तुनीच साळाना. आख्खा गावले देखू दे."

चाचांनी एकाच्या शिंगावर हात ठेवला, टोकापासून बुडापर्यंत फिरवला. "नही, आबा. मी आते साळस नही."

"अजून राग शे?"

"राग कसाना! पोरना पुस्तकमा लिखेल शे. सुरीवर शक शे."

"हौशाले तं लागेलच नव्हती!"

"हौशाले नही लागनी. दुसरा कोनले लागनी व्हई तं?" चाचांनी पेटीचं झाकण उघडून चित्राकडे बोट केलं. "ह्याले वाचाडाले हेलिकॉप्टर लागस, बेसुद्धीनं औषध लागस, कितला मानसे लागतस. शिंगले हात लावा तवय तो जगस. आठे, आपला बैलले, फक्त हात नही लावाना शे. इतलं सोपं काम बी आपले जमस नही का?"

आबा त्या चित्राकडे बघत राहिले. त्यांनी काळा गेंडा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मग टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "मंग पोळाले मांडा खावाले तं येशी?"

त्या पोळ्याला कोरीटच्या वेशीतून दोन गोऱ्हे पहिले निघाले. शिंगं न साळलेली, न रंगवलेली, खरबरीत, नुसती तेल चोळलेली. एकाचा दोर आबांच्या हातात होता, दुसऱ्याचा चाचांच्या.